जास्वंदीची छाटणी

वळ गावात रुचिकाच्या अंगणातल्या जास्वंदीला पांढरी कीड लागली होती. कळ्या उमलण्याआधीच गळत होत्या. किडक्या फांद्या छाटल्या नाहीत, तर सासूबाईंनी वाढवलेलं झाड जाणार होतं.

सकाळी तिने पहिली फांदी कापली, तसं घरातून कण्हणं ऐकू आलं. लकव्याने पडून असलेल्या सासूबाईंच्या, राहीबाईंच्या, तोंडून वर्षभर आवाज फुटला नव्हता. रुचिका आत धावली. सासूबाई शांत झोपल्या होत्या.

तिने दुसरी फांदी कापली. पुन्हा तेच कण्हणं.

"आईंना कायतरी होतंय. झाड ऱ्हाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"येडी झालीस काय? सगळं झाड मरंल. आण कात्री, मीच छाटतो," प्रितेश म्हणाला.

रुचिकाने कात्री दिली नाही. कात्री घेऊनच ती आत गेली आणि सासूबाईंचा हात धरून बसली.

अंगणात कात्री चालल्याचा आवाज आला. राहीबाई कण्हल्या.

"अवो, थांबा," रुचिका ओरडली.

"मी कुठं काय करतोय?" प्रितेश तिच्या मागेच, दारात उभा होता.

कात्री रुचिकाच्या मांडीवर होती. राहीबाईंच्या लुळ्या बोटांनी तिचा हात घट्ट आवळला, आणि बाहेर छाटणी चालूच राहिली.