वीतभर खिडकी

खिंडीच्या माथ्यावर योरीनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ ती खाली केलीच नाही.

"काय, बायांनी काय तळलंय ते दिसतंय का इथून?" लुत्सी मागून म्हणाला. डोंगरावरच्या कुरणात गाई राखताना लुत्सी त्याचा उन्हाळाभराचा जोडीदार. तो फाल्का गाईच्या शिंगांवरचा तुरा नीट करत होता.

योरीनं दुर्बीण त्याच्या हातात दिली. "आमच्या घराची मागची भिंत बघ."

दरीतल्या प्रत्येक जुन्या घरात निजायच्या खोलीला एक वीतभर खिडकी असते. घरातलं माणूस गेलं की तिची फळी सरकवायची, जिवाला बाहेर पडायला वाट द्यायची आणि मग पुन्हा लावून टाकायची. योरीच्या घरची फळी आई गेली तेव्हा सरकवली होती, त्याला बारा वर्षं झाली. आज ती उघडी होती.

"आंद्रेसकाका?" लुत्सीनं हळूच विचारलं.

"त्या खोलीत दुसरं आहे कोण?"

जूनमध्ये निघताना बाप अंथरुणातूनच ओरडला होता, "अठ्ठावीस गाई नेतोयस. अठरा परत आणल्यास तरी गावजेवण घालीन. तुझे पाय मला पाळण्यातच दिसलेत." योरी दार आपटून निघाला होता. मग शंभर दिवस त्यानं गारा झेलल्या, एका गाईसाठी दोर बांधून घळीत उतरला. आज अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गाई लाल फुलांचे तुरे लावून उभ्या होत्या. हे एका माणसानं बघावं, एवढंच त्याला हवं होतं. तोच माणूस थांबला नव्हता.

"फुलं काढ," योरी म्हणाला.

लुत्सीनं कारण विचारलं नाही. गाय दगावली, राखणारा गेला किंवा त्याच्या घरचं कुणी गेलं, तर कळप फुलं लावून उतरत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. दोघांनी तुरे सोडून पोत्यात भरले आणि गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा वाजू नयेत म्हणून त्यांत गवत कोंबलं.

"पुढं तू हो. माझ्यानं नाही व्हायचं."

"अरे, पुढं चालायचा मान तुझा."

"तूच हो."

लुत्सी टोपी पुढं ओढून चालू लागला. योरी शेवटच्या गाईच्या आडोशानं, मान खाली घालून, रडत उतरला.

गावाच्या तोंडाशी सगळे जमले होते. कुणीतरी बाजा वाजवत होतं, तो मध्येच थांबला. योरीला काही कळेना. घरात मयत असताना बाजा कसला? काळे कपडेही कुणाच्या अंगावर नव्हते. चांभाराची बायको मेंगाकाकू तळलेल्या पापड्यांची परात घेऊन उभी होती. कळपाच्या मागं योरी दिसला तशी तिच्या हातातली परात सुटता सुटता राहिली.

"तू आहेस?" ती म्हणाली. "अरे, मग कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही का, काकू?"

"आम्हाला कोण सांगणार बाबा? वरून तर तुम्ही आलात."

म्हातारीला भ्रम झाला असेल, असं वाटून तो पुढं निघाला. माणसं वाट करून देत होती, टोप्या काढत होती, पण सांत्वनाचा एक शब्द कुणी बोलेना. उलट सगळे त्याच्याकडेच टकामका बघत होते.

अंगणातून त्याची बहीण नेसा धावत आली आणि त्याच्या गळ्यातच पडली.

"दादा! लुत्सीला पुढं बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कोण गेलं?"

"नेसा, बाबा गेले ना?"

"काहीतरीच काय! सकाळी वाडगाभर जवाची पेज प्याले, वर मीठ कमी म्हणून मला बोलले."

"मग ती खिडकी?"

"त्यांनीच उघडायला लावली. मी म्हटलं, अपशकुन होईल. ऐकतात का! त्या खोलीतून खिंड तेवढ्यातूनच दिसते. खुर्ची भिंतीला लावून पहाटेपासून डोळ्यांत प्राण आणून बसलेत. म्हणे, माझा पोरगा फुलं लावून उतरतोय, ते मला बघायचंय."

योरीच्या जिवात जीव आला. तो हसायलाच लागला. त्यानं पोत्यातून फाल्काचा तुरा ओढून काढला, थोडा चुरगळला होता तो झटकला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मागोमाग नेसाही आली.

म्हातारा खुर्चीत होता. गाल भिंतीला टेकलेला, तोंड खिडकीकडे.

"बाबा, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आणल्या. घाला आता गावजेवण."

बाप वळला नाही. योरीनं तुरा त्याच्या मांडीवर ठेवला, त्याचा हात उचलून वर ठेवला. हात घसरून खाली लोंबला.

"आत्ता तर बोलत होते," नेसा दारातून म्हणाली. "कळप वळणावर आला तेव्हा मी म्हटलं, गार वारा येतोय, लावून घेते. तर म्हणाले, राहू दे उघडी. माझा योरी कुठून जाईल?"