काचेपलीकडचे आजोबा

तिसऱ्या फेरीत एका मुलाचा दुधाचा दात पटावर पडला आणि समोरच्याने तो आपलं प्यादं म्हणून शेवटच्या घरात सरकवला. पंचबाईंनी दात रुमालात गुंडाळून मालकाच्या खिशात घातला, डाव पुन्हा लावून दिला आणि कपाळाला हात लावला. प्राथमिक शाळेतल्या मुलांची बुद्धिबळ स्पर्धा म्हणजे बेडकांची मापं घेणं. एकाला बसवावं तर दुसरा टुणकन उठतो.

पण यंदा सगळा ताप सोसण्यासारखा होता, कारण उस्ताद आले होते. एकेकाळी देशाचं अजिंक्यपद गाजवलेला हा माणूस आता वर्षाला एकच शिष्य घ्यायचा, तोही फुकट. आजच्या विजेत्याला तो घेणार होता. त्यामुळे आयांनी देव पाण्यात घातले होते आणि बाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती, लबाडीची.

पालकांना सभागृहात मज्जाव होता. दरवर्षी बाई काचेवरचे पडदेही ओढून घेत. यंदा आयांनी फारच गळ घातली म्हणून उघडे ठेवले होते. काचेपलीकडच्या व्हरांड्यात पालकांचा वेळ जावा म्हणून उस्ताद त्यांच्याशीच डाव मांडून बसले होते. सगळ्यांना दिसावा म्हणून काचेसमोरच्या भिंतीवर एक भला मोठा पटही टांगला होता आणि प्रत्येक चाल झाली की कुणीतरी उठून त्यावर सोंगटी हलवत होतं. पालक एकामागून एक चारी मुंड्या चीत होत होते.

अपवाद एका आजोबांचा. ते पिटुकलीला घेऊन आले होते. पिटुकली म्हणजे दुसरीतली, खुर्चीवर बसली की पाय लोंबकळणारी मुलगी. आजोबा उस्तादांसमोर बसायला तयारच नव्हते, लोकांनी बळेच बसवलं. आणि दोन डाव बरोबरीत! खुद्द उस्तादांशी! उस्तादांनी घाम पुसत विचारलं, कुठे शिकलात? आजोबा लाजले. म्हणाले, कुठलं शिकणं हो, बागेतल्या बाकावर खेळतो. तिथे मला कुणी हरवत नाही. नात शेजारी बसलेली असते, बघून बघून तीही शिकली.

ही बातमी चहावाल्याबरोबर आत आली आणि बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण पिटुकलीही हरत नव्हती. अंतिम फेरीत ती काचेजवळच्या पहिल्या पटावर बसली होती. समोर घरी शिकवायला खास मास्तर येत असलेला, चौथीतला एक मुलगा. बाई खांबाआड उभ्या राहिल्या. पिटुकली मान वर करून काचेबाहेर बघायची. बाहेर उस्तादांसमोर तिसऱ्या डावाला बसलेले आजोबा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायचे. मग ती गालावर बोटं टेकवायची, जरा थांबायची आणि चाल करायची. पुन्हा काच, पुन्हा चष्मा, पुन्हा गाल.

बाईंना वाईट वाटलं. मनापासून वाटलं, कारण पोरगी गोड होती आणि तिच्या चाली पाहून बाईंच्या अंगावर काटा येत होता. पण उस्तादांच्या शिष्याची जागा आजोबांच्या चष्म्याला द्यायची? मग बाकीच्या लेकरांनी काय पाप केलं होतं?

पिटुकलीने गालावर बोटं ठेवली आणि बाईंनी सर्रकन पडदा ओढला.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंना वाटलं, झालं, चोरी सापडली.

"बाई, पडदा उघडा ना."

"का गं?"

"आजोबा एकटे आहेत."

"मोठे आहेत ते. तू तुझं खेळ."

"माझं खेळतेच आहे मी," ती रडवेली होऊन म्हणाली. पडद्याकडे एकदा बघून तिने नाक वर ओढलं आणि पटाकडे वळली.

आणि मग जे झालं ते बाई जन्मात विसरणार नव्हत्या. आतापर्यंत रेंगाळत खेळणारी ती पोर आता थांबेचना. समोरच्याचा हात सोंगटीवरून उठायचा अवकाश, हिची चाल तयार. तिने घोडा दिला, हत्ती दिला, समोरचा मुलगा हरखला आणि तिथेच अडकला. एका प्याद्याने शह, उंटाने मात. शेजारच्या पटांवरची मुलं आपापले डाव सोडून उभी राहिली होती. एरवी मिनिटभर गप्प न बसणारी ती वानरसेना श्वास रोखून बघत होती. बाईंचे डोळे भरून आले. एवढ्याशा डोक्यात हे सगळं मावतं कुठे?

पाठोपाठ शरम आली. आपण या लेकरावर संशय घेतला. पिटुकली हरलेल्या मुलाशी हात मिळवत होती, तोवर आजोबांचे पाय धरायला बाई व्हरांड्यात गेल्या.

तिथला डाव संपला होता. आजोबा खाली मान घालून बसले होते आणि उस्ताद त्यांच्याकडे भूत बघितल्यासारखे बघत होते. इतका वेळ तोडीस तोड खेळलेल्या माणसाने अचानक वजीर फुकट घालवला होता आणि पुढच्या दोन चालींत मात खाल्ली होती. बरं नाही का, पाणी देऊ का, असं उस्ताद पुन्हा पुन्हा विचारत होते. आजोबा नुसताच चष्मा पुसत होते.

बाईंनी घसा खाकरला. "आजोबा, मला माफ करा. तुमची नात जिंकली."

तेवढ्यात पिटुकली त्यांच्या हाताखालून धावत बाहेर आली. आपल्या जिंकण्याचं तिने नावही काढलं नाही. भिंतीवरच्या मोठ्या पटासमोर कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि वळून म्हणाली,

"आजोबा, उंट सांगितला होता ना मी? वजीर कशाला हलवलात?"