मेजर आणि माहेर

"बाई बेसूर गातेय," शेठ म्हणाला, आणि रत्नप्रभाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शहापुरातली रेकॉर्डिंगची शटरवाली खोली. भिंतींना गाद्या बांधलेल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद, सगळे घामाने निथळत होते. कल्याणहून आलेल्या शेठला लग्नसराईच्या आत हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. गाणं रत्नप्रभाने स्वतः रचलेलं. तिचा भाऊ महेंद्र कीबोर्डवर, धाऊकाका बेंजोवर. आणि दारात हाताची घडी घालून उभा तिचा नवरा, अनंता. मुरबाडहून निघतानाच त्याने बजावलं होतं, "आज गाणं पास झालं तर झालं. नायतर हा नाद बंद."

"परत घ्या," शेठ म्हणाला.

महेंद्रने डाव्या हाताने एकच पांढरी पट्टी दाबली. कीबोर्ड खिदळत सुटला. रत्नप्रभाने आवाज लावला,

"अंगाला हळद गो, पायात पैंजण,
मागं राहिलं माझं खर्डीचं अंगण..."

'अंगण'वर तिचा गळा आपोआप खाली उतरला. कीबोर्ड मात्र वर हसतच राहिला. दोघांची अशी टक्कर झाली की धाऊकाकाने बेंजोवरचा हात उचलला.

"परत तेच!" शेठ ओरडला. "लोक हळदीत नाचायला येतात बाई, रडायला नाय. आता शेवटचा चान्स. नाय जमलं तर मी दुसरी बघतो."

तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. भित्रा मेला! खर्डीच्या घरच्या ओट्यावर गाणं बसवताना यानेच पांढरीच्या शेजारची काळी पट्टीही सोबत दाबली होती, आणि तो सूर सगळ्यांच्या काळजात शिरला होता. हसऱ्या स्वरमेळाला मेजर आणि या हळव्याला खरं तर मायनर म्हणतात. पण धाऊकाकाच्या कानांनी ते पहिल्याच दिवशी 'माहेर' ऐकलं आणि त्यांच्या गाण्याच्या पार्टीत तेच नाव रुळलं. एक मेजर, एक माहेर. आज शेठपुढे महेंद्रची शेळी झाली होती आणि तो मेजर सोडायला तयार नव्हता.

गळा दाबून वरचा सूर लावला असता तर गाणं पास झालं असतं. पण मग ते तिचं राहिलं नसतं.

"दादा," ती म्हणाली. आवाज तिने मोठाच ठेवला. "मला मेजर नको. मला माहेरच पाहिजे."

दारातला अनंता ताडकन आत आला.

"माहेर पाहिजे? चारचौघांत सांगतेस? काय कमी केलं गो तुला आमी?"

महेंद्र चाचरत म्हणाला, "भावजी, तसं नाय... ते कीबोर्डवरचं..."

"तू मधी बोलू नको!"

रत्नप्रभा मनातून पार टरकली होती. पण आता माघार घेतली तर गाणंही गेलं आणि अब्रूही गेली. "अहो, दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली. "आधी ऐका, मग काय ते बोला. दादा, लाव."

या वेळी महेंद्रने शेठकडे पाहिलंच नाही. त्याने दोन्ही पट्ट्या दाबल्या.

ठेका तोच, नाचवणारा. पण त्याच्याखाली ओल आली, सारवलेल्या जमिनीला येते तशी. रत्नप्रभा गात गेली. 'अंगण'वर गळा उतरला तेव्हा खाली तो सूर तिची वाट बघतच उभा होता. ती तिथे थांबली, हवी तेवढी थांबली. शेठचा पाय ठेका धरत होता आणि हात चष्मा पुसत होता. अनंता गादीच्या शिवणीकडे बघत उभा होता.

गाणं संपलं.

"नाचवतंय पण, आणि..." शेठने वाक्य अर्धं सोडलं. "बाई, उद्या सकाळी या. दुसऱ्या बाजूची गाणीपण असलीच करू."

सगळ्यांनी अनंताकडे पाहिलं. तो बाहेर पडला आणि त्याने स्कूटरला किक मारली.

रत्नप्रभा जीव मुठीत धरून मागे बसली. हायवेला लागताच त्याने स्कूटर खर्डीच्या दिशेला वळवली.

"अहो, मुरबाड तिकडं राहिलं."

"माहीत हाय." त्याने मागे न बघता गिअर टाकला. "सकाळी मुरबाडवरनं यायला टाइम जाईल. गप बस. माहेर लावतोय."