लिनच्या हातचा चहा

"यल्ला, अम्मी! वी आर लेट," इन्शा गाडीतूनच ओरडली.

सुरैय्या शारजाच्या रोल्ला भागातल्या त्यांच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. ओढणी सारखी करायच्या निमित्ताने तिने आणखी थोडा वेळ काढला. तिच्या नवऱ्याने, मोहिद्दीनने, गाडीचा मागचा दरवाजा उघडून धरला.

"यायचं नसेल तर आत्ताच सांग," तो हळूच म्हणाला. "तिथे जाऊन तोंड पाडून बसू नकोस."

"निघाले ना मी? अजून काय पाहिजे?"

"आज फहदचं मन राख. बस, एवढंच."

गाडीत बसल्यावर तिने पर्समधली मखमली डबी काढून मांडीवर घेतली. डबीत तिच्या सासूच्या बांगड्या होत्या. फहदच्या बायकोसाठी म्हणून इतकी वर्षं जपलेल्या. कालच सोनाराकडून पॉलिश करून आणल्या होत्या.

लिनचं नाव फहदने घरात पहिल्यांदा काढलं तेव्हा ती मासे साफ करत बसली होती. मुलगी व्हिएतनामची, उम्म अल कुवैनला त्याच्याच ऑफिसात अकाउंट्स बघणारी. सुरैय्याने सुरी खाली ठेवली होती.

"आपल्यातली नाही, आपल्या भाषेची नाही. माझ्याशी बोलणार तरी कशी ती?"

"भात आणि मासे खाते, अम्मी. आपल्यासारखीच आहे," फहद हसला होता. "निकाह तुमच्या मनासारखा होईल. तिच्या लोकांची एकच रीत आहे. मोठ्यांनी सुनेच्या हातचा चहा प्यायचा. प्यायला की सून कबूल. एक कप चहा, बस."

"तो चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही," ती म्हणाली होती.

"अम्मी, प्लीज," पुढच्या सीटवरून इन्शाचा आवाज आला. "नो सीन टुडे."

"मी कधी सीन केला गं?"

इन्शाने आरशातून बापाकडे पाहिलं.

अल मजाजच्या त्या टॉवरमध्ये तळमजल्यावर हॉल होता. दारातच लिनच्या मैत्रिणीने त्यांना हाताला धरून पुढच्या खुर्च्यांवर नेऊन बसवलं. समोरच्या खुर्च्यांवर एक वयस्क व्हिएतनामी जोडपं होतं. दोघांनी वाकून मान झुकवली. सुरैय्याने सलाम केला.

कॅमेरा सांभाळत एक तरुण मुलगी जवळ आली. "तुम्ही मराठी बोलताय? मी अस्मिता. आज फोटो काढायला आलेय. कुठल्या तुम्ही?"

"रत्नागिरीच्या."

"सो नाइस!" म्हणत ती पुढे गेली.

मधल्या टेबलावर लाल कापड होतं. तबकात विड्याची पानं आणि हिरव्या सुपारीचा अख्खा घड.

"ही तर आपली सुपारी!" मोहिद्दीन खुलला. "ओली आहे, बघ. यांच्यातही लग्नाला पान-सुपारी लागते."

"दिसतंय मला."

"तेव्हापासून सांगत होतो. माणसं आपल्यासारखीच आहेत."

"खलास. आता नको."

भिंतीजवळ उदबत्त्या लावल्या होत्या, मागे घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो मांडले होते. सुरैय्याने एकदा तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

लिन आली. अंगात लाल रेशमी झगा, डोक्याला लाल गोल पट्टा. सोबत निळ्या झग्यातला नवरदेव.

"बारीक झालीय," सुरैय्या पुटपुटली. "नीट जेवत नाही."

गेलं वर्षभर लिन दर शुक्रवारी त्यांच्या घरी यायची. कुणी बोलावलं नव्हतं. सुरुवातीला सुरैय्या तिच्यासमोर ताट ठेवून आत निघून जायची. लिन एकटीच जेवायची, भांडी घासायची आणि जायची. मग एका शुक्रवारी ती आली नाही, आणि त्या दिवशी सुरैय्याला घास गेला नाही.

जोडप्याने आधी समोरच्या दोघांना चहा दिला. मग दोघं वळली. लिनने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी छोटा कप पुढे धरला.

"अम्मी, चा."

त्यांच्या भाषेतही चहाला जवळजवळ तसंच म्हणतात.

सुरैय्याचा हात मांडीवरून उठेना. इन्शाने मान खाली घातली.

"अम्मी," लिन पुन्हा म्हणाली. तिने कप आणखी पुढे केला.

सुरैय्याने कप घेतला. दूध नाही, साखर नाही. चहा कडू होता. तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग डबी उघडून बांगड्या काढल्या आणि एकेक करून लिनच्या हातात चढवल्या. मोहिद्दीन रुमालाने चष्मा पुसत राहिला.

नवरदेवानेही वाकून कप दिला. त्याच्या तोंडाकडे पाहायचं धाडस सुरैय्याला झालं नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हिला रडवू नकोस," ती म्हणाली. "खूप रडलीय ती."

त्याने मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ओके, फॅमिली फोटो!" अस्मिता कॅमेरा सरसावत पुढे आली. "ग्रूम्स पेरेंट्स, प्लीज!"

सुरैय्या जागची हलली नाही. समोरचं व्हिएतनामी जोडपं उठलं आणि आपल्या मुलाच्या शेजारी जाऊन उभं राहिलं.

लिनने सुरैय्याचा हात धरून तिला उठवलं, स्वतःच्या बाजूला उभं केलं. अस्मिता गोंधळली. तिने एकदा लिनकडे पाहिलं, एकदा सुरैय्याकडे.

"काकू, तुम्ही नवरीच्या... आई?"

"सासू," सुरैय्या म्हणाली. "माझा फहद गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या लग्नाला मी आले नव्हते."