क्रूसावरची तारीख

काळ्या दगडाच्या क्रूसावर इनासचं नाव कोरून झालं होतं. मरणाची तारीख तेवढी राहिली होती. उद्या मृतांच्या दिवशी गावातल्या सगळ्या कबरींवर फुलं चढणार, म्हणून पाथरवट छिन्नी धरून घाई करत होता.

ऑगस्टअखेरच्या वादळात इनासची होडी गेली. समुद्राने पोर परत दिलं नाही, आणि ते कुठल्या दिवशी घेतलं हेही सांगितलं नाही.

"मावशी, वादळाचीच तारीख घालू," फादर इनासच्या आईला हळूच म्हणाले. "नाताळचंच बघा ना. प्रभूच्या जन्माचा दिवस कुणी लिहून ठेवला नव्हता. पंचवीस डिसेंबर लोकांनी मागाहून ठरवला. तरी आपण त्या दिवशी गोठा मांडतोच की."

"किती मागाहून, फादर?"

"तीनशे वर्षं तरी गेली असतील."

तिने पाथरवटाच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि पदरात गुंडाळली.

"प्रभूच्या जन्माची तारीख घालायला तीनशे वर्षं थांबले ना सगळे? मग माझ्या पोराच्या मरणाची घालायला दोन महिनेसुद्धा थांबवेना होय तुम्हाला?"