बिनसाखरेचा चहा

१९८९ साली मी साखर सोडली. धाकट्या जावेला, सुलभाला, मूल होईपर्यंत गोड चहा प्यायचा नाही, असं देवीपुढे बोलले.

"ताई, मग मी काय सोडू? गोड तर मला आवडतच नाही," ती हसत म्हणाली.

तिला दमा होता. "तो रोजचा तपकिरी पंप सोड," मी म्हटलं. "सारखं औषध ओढल्यावर दिवस कसे राहतील?"

तिने सोडला. धाप लागली की निळ्या पंपावर भागवायची. नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

अकरा वर्षांनी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा ते निघालं. "त्या पंपाने मूल अडत नाही हो. उलट दमा आटोक्यात हवा. कुणी बंद करायला सांगितलं?"

"मीच केला," सुलभा म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

माझी दोन्ही मुलं पुण्यात स्थिरावली. भावजी मागच्या वर्षी गेले. सुलभा एकटीच असते, दोन्ही वेळा पंप घेते. मी तिच्याकडे गेले की ती न विचारता चहा ठेवते. माझ्या कपात अजूनही साखर घालत नाही.