निरोप्याची भूमिका

"परत," रोहिणी मॅडम म्हणाल्या.

लखन पुन्हा दारातून आत आला. समोर डिंपल फरशीवर बसून निंदणी करत होती. नाटकात ती इंदिराबाई आणि लखन तिच्या माहेरचा लोटन. इंदिराबाईचा बाप, नाना, पहाटे वारला आहे, आणि लोटन तिला न्यायला शेतात आला आहे.

"अक्का, नानानी तब्येत बरी नही शे. चाल, घरना बठ्ठा तुनी वाट देखी ऱ्हायनात."

"शब्द सगळे आले. लोटन आला नाही." मॅडमनी संहिता मिटली. "सोमवारी धुळ्याला स्पर्धा आहे, लखन. आज जमलं नाही तर चंदन करेल."

"माझं पाठ आहे, मॅडम," चंदन लगेच म्हणाला.

"तुझं नेहमी पाठच असतं," डिंपल म्हणाली. सगळे हसले.

लखन हसला नाही. मघाशी तो नावांची यादी द्यायला खाली ऑफिसात गेला होता. तालमीच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल, मॅडमचासुद्धा, तिथल्या कपाटात असत. वर आल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काल याच प्रवेशाला त्याला शाबासकी मिळाली होती.

"लोटन खोटं का बोलतो?" मॅडमनी विचारलं.

"भितो म्हणून," चंदन म्हणाला. "ती रडायला लागली तर सावरायचं कोणी?"

"ते त्याचं झालं. तिचं काय?"

मॅडमनी डिंपलकडे बोट केलं.

"तिला अजून दोन तास बसनं जायचंय. तेवढा वेळ तिचा बाप जिवंत राहतो. लोटन तिला तेवढं देतो."

"पण तिला कळत नसेल का?" लखननं विचारलं.

"कळतं. आपल्याकडे असा निरोप सगळ्यांनाच कळतो. पण ती विचारत नाही, तो सांगत नाही."

"आणि त्याच्या तोंडावर दिसलं तर?"

"म्हणून तर आवाज रोजचा ठेवायचा. हाताला काहीतरी काम द्यायचं. जास्त बोलायचं नाही. खोटं बोलणारा माणूस फार बोलून फसतो."

"तिला एकटीला पाठवायचं नाही ना, मॅडम?"

"अरे, तो न्यायलाच आलाय की! वाचलंस ना नाटक?"

डिंपल खुदकन हसली.

"एकदा करतो," लखन म्हणाला आणि बाहेर गेला.

दाराआड बराच वेळ काही हाललं नाही. चंदननं मान लांब करून पाहिलं. मग लखन आत आला. डिंपलच्या बाजूनं पुढे गेला, मॅडमच्या खुर्चीशी थांबला आणि खुर्चीला अडकवलेली त्यांची पर्स त्यानं हातात घेतली.

"मॅडम," तो म्हणाला, "खाली ऑफिसात पाचोऱ्याहून तुमच्या भावाचा फोन होता. आबांना दवाखान्यात नेलंय. चला, मी येतो सोबत."